पहाटे डोळ्यांखाली पिशव्या, दुपारी निम्म्या गायब. कोणत्या डॉक्टरकडं जावं?

माणकाठ (धागाकर्ता)

राम कृष्ण हरी मंडळी.

वय ४६. सांगोल्याजवळच्या गावात दूध संकलन केंद्र सांभाळतो. गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात आजोबांपासून वारी आहे, दारूला हात लावलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण पहाटे साडेपाचला कॅन घेऊन येणारा कुणी ना कुणी माझ्या तोंडाकडं बघून विचारतोच, "माउली, रात्री बसला होता काय?" सुरुवातीला हसण्यावारी नेलं. आता दहा दिवसांच्या बिलाच्या वेळीसुद्धा तोच विषय निघतो. परवा एकाचं फॅट कमी लागलं तर म्हणाला, असल्या डोळ्यांनी मशीनवरचा आकडा तरी दिसतो का तुम्हाला.

प्रकार असा आहे. दोन्ही डोळ्यांखाली फुगवटा येतो. उठल्या उठल्या सगळ्यात जास्त, कातडी जरा निळसर दिसते. दुखत नाही, खाजत नाही, लालही नाही. ऊन वर येईल तसं उतरतं, पण पूर्ण जात नाही. नाकाच्या बाजूला एक गोळा राहतोच. वर्षभर तरी झालं असेल, दिवाळीनंतर वाढलंय.

काय काय केलं: मंडळींनी काकडीच्या चकत्या ठेवल्या, बटाटा किसून ठेवला. काकडीनं तासभर बरं वाटतं. पोरीनं ऑनलाइन क्रीम मागवलं, बोटाएवढी ट्यूब आणि किंमत साडेपाचशे, त्यानं ढिम्म फरक नाही. मेडिकलवाल्यानं एक मलम दिलं, म्हणाला चार दिवसांत सूज उतरेल. पोरगी म्हणाली हे तर गजकर्णावर लावतात ते, म्हणून तसंच पडून आहे.

झोप रात्री साडेनऊ ते पावणेपाच. जेवण नऊच्या आत, भाकरी, आमटी, शेंगाचटणी, पापड, ताक. पोट वगैरे ठीक.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे काही गंभीर असू शकतं का? आणि जायचं तर डोळ्याच्या डॉक्टरकडं, कातडीच्या, की आपल्या नेहमीच्या?

---

पोळपाट

चहाच्या पिशव्या वापरून झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी दहा मिनिटं डोळ्यांवर. आमच्याकडे लग्नाच्या सीझनला सगळ्या करतात. रात्री पाणी कमी प्या. आणि साध्या मिठाऐवजी सैंधव सुरू करा, सूज धरत नाही.

---

आडवाट

केस किंवा मिशा रंगवता का? विचारण्याचं कारण, माझं तेच निघालं होतं. मी पुण्यात असते. रविवारी केसांना काळा रंग लावला, मंगळवारी सकाळी दोन्ही डोळे जवळजवळ मिटलेले. डोक्याला काही नाही, फक्त मागे मानेवर थोडी खाज. त्यामुळे रंगाचा संशयच आला नाही, मी आदल्या दिवशीच्या कोळंबीला दोष देत बसले. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न हाच विचारला. काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी एक-दोन दिवसांनी उठते. डोक्याची कातडी जाड, पापण्यांची अगदी पातळ, म्हणून लावायचं डोक्याला आणि सुजायचं डोळ्यांनी. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बरेचदा हेच रसायन असतं, नुसतं मेंदी या नावावर जाऊ नका. नेलपॉलिशनेही होतं म्हणे, कारण दिवसभर नखं डोळ्यांना लागत असतात.

ते मलम मात्र अजिबात लावू नका. गजकर्णावर म्हणून दुकानदार देतात त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. डोळ्याजवळ रोज लावलं तर कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत जाऊ शकतं.

---

माणकाठ

नाही ताई, मिशी अर्धी पांढरी आहे आणि तशीच ठेवलीय. नखांचा तर प्रश्नच नाही. मलम पोरीनं आजच कचऱ्यात टाकलं.

---

निवृत्त सिस्टर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी सोलापूरला एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली, आता घरी आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषध सांगणार नाही. पण डोळे सुजलेली माणसं आणि मुलं मी आयुष्यभर बघितली आहेत.

पहिलं म्हणजे, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पहाटे जास्त, दुपारी कमी, आणि तरी एक गोळा राहतो. तुम्ही रोज दुधात फॅट किती आणि पाणी किती हे बघता ना? इथेही तेच बघायचं आहे. डोळ्याखाली एक चरबी असते आणि एक पाणी साठतं. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

चरबी आधी सांगते, कारण तिथे थोडक्यात भागतं. डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. ती चरबी पुढे येऊ नये म्हणून खालच्या पापणीत एक पातळ पडदा असतो. वय झालं की तो सैल पडतो आणि चरबी पुढे डोकावते. खालच्या पापणीत तिचे तीन कप्पे असतात, नाकाकडचा, मधला आणि बाहेरचा. तुमचा 'नाकाच्या बाजूचा गोळा' बहुतेक त्यातलाच. आरशासमोर मान सरळ ठेवून नुसते डोळे वर छताकडे करा. गोळा जास्त फुगून दिसला तर चरबी. पाण्याची सूज नजर वर केल्याने बदलत नाही, आणि तिची कड नीट कळत नाही. वडिलांचा चाळिशी-पन्नाशीतला फोटो असेल तर काढून बघा, हे घराण्यात चालत येतं. याने धोका काही नाही. क्रीमने ती चरबी आत जात नाही, साडेपाचशेच्या नाही आणि साडेपाच हजारांच्याही नाही.

आता पाणी. रात्रभर आडवं झोपलं की दिवसा पायाकडे उतरणारं पाणी तोंडाकडेही पसरतं. डोळ्याखालची कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, अंगावरच्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी एक, खालचं मांस सैल. म्हणून तिथे लगेच दिसतं. उठून उभं राहिलं, पापण्यांची उघडझाप सुरू झाली की हळूहळू ओसरतं. थोडंफार सगळ्यांनाच होतं. तुमचं दुर्दैव एवढंच की तुमचं गिऱ्हाईक पहाटे साडेपाचला येतं. माणूस बँकेत असता तर अकरा वाजता कुणाला कळलंही नसतं.

पण पाणी जास्त का साठतंय हे बघायलाच हवं. वॉर्डातलं सांगते. आई दोन-तीन वर्षांच्या पोराला घेऊन यायची, म्हणायची डोळे आलेत, किंवा रात्री काहीतरी चावलं. सकाळी डोळे सुजलेले, संध्याकाळी खेळतोय. आठवडाभर डोळ्यात थेंब घालून झालेले असायचे. आम्ही आधी लघवी तपासायचो. परीक्षानळीत घेऊन तापवायची, आम्लाचा थेंब टाकायचा, प्रथिन असेल तर गढूळ होते, फार असेल तर गुठळ्या. डोळ्यांना काही झालेलंच नसायचं, मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जात असायचं. नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात त्याला. बहुतेक मुलं स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सुधारतात, पण पुन्हा पुन्हा उलटतं, म्हणून आम्ही आयांना घरी लघवी तपासून वहीत लिहायला शिकवायचो. चौथी शिकलेल्या बायका इतकी नेटकी वही ठेवायच्या की काय सांगू. असो.

मोठ्या माणसात मूत्रपिंड, थायरॉइड, बीपी आणि चालू असलेली औषधं, एवढं बघतात. थायरॉइड कमी काम करत असेल तर चेहराच भरल्यासारखा होतो, सोबत थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, वजन वाढतं, आवाज जाड होतो.

म्हणून मला हे सांगा:
लघवीला फेस येतो का, म्हणजे पाणी ओतल्यावरही न जाणारा? पावलांवर संध्याकाळी मोज्याचा वण खोल उमटतो का? घोरता का? बीपी कधी मोजलंय? आणि कुठलीही गोळी, अगदी कुठलीही, रोज किंवा अधूनमधून घेता का?

पोळपाट ताई, चहाच्या पिशवीने बरं वाटतं ते गारव्याने. रक्तवाहिन्या आकसतात, तासाभरात पुन्हा जैसे थे. करायला हरकत नाही. पण सैंधव म्हणजेही मीठच, बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच. आणि पाणी कमी पिऊन सूज जात नाही, पाणी धरून ठेवतं ते मीठ.

---

वैद्यांचा नातू

घेटुळीची भाजी खा. पुनर्नवा ती हीच. शोथावर, म्हणजे सुजेवर, आपल्याकडे पूर्वापार वापरतात. माण नदीच्या काठाने पावसाळ्यात मोकाट उगवते, विकत घ्यायचीही गरज नाही.

---

निवृत्त सिस्टर

भाजी खाऊ द्या, चांगली लागते. काढे आणि गोळ्या मात्र लघवी-रक्ताचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सुरू करू नका. मूत्रपिंडच दुखणाईत असेल तर कुठलंही औषध, झाडपाल्याचं का असेना, विचारूनच घ्यायचं.

---

माणकाठ

सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

छताकडं बघितलं. गोळा टुम्मकन पुढं येतो. वडिलांचा फोटो रेशनकार्डावरच आहे, पन्नाशीतला असेल. तेच डोळे. आई म्हणाली, तुझ्या बापाला पण लोक दारूडा म्हणायचे.

फेस येत नाही, निदान लक्षात आलेला नाही. पायात चप्पल असते, मोजे नाहीत. मंडळी म्हणतात घोरतो. बीपी तीन वर्षांपूर्वी शिबिरात मोजलं होतं, तेव्हा ठीक म्हणाले.

गोळीचं म्हणाल तर रोजची एकही नाही. फक्त कंबरेसाठी. चाळीस लिटरचा कॅन उचलून टेम्पोत द्यायचा म्हणजे कंबर धरतेच. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणतो. दुखलं की एक. दिवाळीनंतर गाभण म्हशी व्यायल्या, दूध वाढलं, तेव्हापासून बहुतेक दिवशी एक होतेच. दोन कधी कधी. त्यासोबत पित्ताला ते सोड्याचं फसफसणारं पाकीट.

हे औषधात धरतात हे डोक्यात नव्हतं, गावात सगळेच घेतात.

---

निवृत्त सिस्टर

मिळालं.

दादा, ही वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकू देत नाही. कुणाची पावलं सुजतात, कुणाचे डोळे. बीपी वाढतं. आणि महिनोन्‌महिने रोज घेतली तर मूत्रपिंडालाच इजा होते, ती सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्यावर ते पाकीट म्हणजे खायचा सोडा, त्यातही सोडियम. पापडात मीठ आहेच, वर पापडखार, तोही सोडियमच. शेंगाचटणी, ताकात मीठ. आणि एकादशीला काय खाता? बटाट्याचे वेफर्स आणि खारे शेंगदाणे ना? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सुमारे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात हे सगळं धरून. तुमचा चमचा रात्रीच्या ताटातच संपत असेल.

कातडीच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे नंतर. आधी नेहमीच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडे जा. ती रिकामी पट्टी सोबत न्या आणि लपवू नका. बीपी, लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (रक्तातून मूत्रपिंडाचं काम कळतं ते), टीएसएच (थायरॉइडचं) आणि साखर, एवढं ते सांगतीलच. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. लघवी सकाळची पहिली न्या. नुसती लघवी चांगली आली म्हणून थांबू नका, गोळ्यांनी होणाऱ्या इजेत लघवीत प्रथिन नसलं तरी क्रिएटिनिन वाढलेलं असू शकतं.

कंबरेसाठी काय घ्यायचं तेही त्यांनाच विचारा. मनाने दुसऱ्या रंगाची गोळी आणू नका, ती बहुधा त्याच जातीची असते.

आणि इथे वाचणाऱ्या इतरांसाठी: एकाच डोळ्याला सूज, लाल, गरम, दुखरी, सोबत ताप, किंवा एकाचे दोन दिसणं, यात काकडी ठेवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. ओठ, जीभ अचानक सुजली तर थेट कॅज्युअल्टी. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना तसं होतं, अगदी कित्येक महिने नीट चालल्यावरसुद्धा.

---

दादरची

चरबीच्या गोळ्याबद्दल माझ्या अनुभवाचं थोडं. मी दोन वर्षांपूर्वी खालच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. पापणीच्या आतून छेद घेतात, बाहेर टाका नाही. करणारा डॉक्टर पापण्यांच्या प्लॅस्टिक सर्जरीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला असावा, हे आधी विचारा. पंधरा दिवस काळंनिळं होतं, मी ऑफिसात गॉगल लावून बसले. त्यांनी धोके स्पष्ट सांगितले होते: पापणी खाली ओढली जाऊ शकते, क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजरेला धोका. आधी माझी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती नीट आल्याशिवाय तारीखच दिली नाही. इंजेक्शनचं फिलर, म्हणजे कातडीखाली घालायचा भराव, आधी एका ठिकाणी घेऊन बघितलं होतं, त्याने उलट जास्त फुगलेलं दिसायला लागलं. मी समाधानी आहे, पण हा दिसण्याचा प्रश्न आहे आणि खर्च खिशातून, विम्याने एक रुपया दिला नाही.

---

माणकाठ

माउली, एवढा खर्च करून गावात गॉगल लावून बसलो तर लोक काय काय म्हणतील. माझं राहू द्या.

---

माणकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, बारशी-लग्नांचा हंगाम आणि दुधाचे दर पडले, दोन्ही एकदम.

पंढरपूरला डॉक्टरांना दाखवलं. पट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी आधी बीपी घेतलं, १५२/९६. परत घेतलं, तेवढंच. लघवीत प्रथिन नाही. टीएसएच ठीक. साखर ठीक. क्रिएटिनिन १.३ आलं, ते म्हणाले मर्यादेच्या काठावर आहे, गोळी आजपासून बंद, सहा आठवड्यांनी परत तपासू. कंबरेला व्यायाम दिले आणि कॅन एकट्यानं उचलायचा नाही म्हणाले. आता टेम्पोवाल्या पोराला कॅनचा दुसरा कान धरायला लावतो. तो कुरकुरतो, पण करतो.

मीठ: पापड आणि ताकातलं मीठ सोडलं. शेंगाचटणी सुटत नाही. मंडळी आता मीठ न घालता कुटतात, लसूण आणि मिरची जास्त घालतात, पहिले काही दिवस गवत खाल्ल्यागत लागलं. एकादशीला वेफर्स बंद, रताळं आणि भगर. सोड्याचं पाकीट बंद. गंमत म्हणजे गोळी बंद झाल्यावर पित्तही गेलं. उशाला एक उशी जास्त घेतो.

पहाटेचा फुगवटा निम्म्यापेक्षा जास्त उतरला. तो निळसरपणा गेला. बापाचा गोळा आहे तिथं आहे. गिऱ्हाइकांपैकी कुणालाच फरक कळलेला नाही, अजून विचारतात. फक्त परवा एक म्हातारे म्हणाले, माउली, हल्ली कमी केली वाटतं.

बीपी मागच्या आठवड्यात दोनदा संध्याकाळी मोजलं, १३८/८८ आणि १४०/८६. डॉक्टर म्हणाले गोळी सुरू करायची की नाही ते पुढच्या वेळी ठरवू.

---

निवृत्त सिस्टर

उतरतंय, चांगलं आहे. पण संध्याकाळचेच आकडे पुरत नाहीत. पहाटे कॅन यायच्या आधी मोजा, चहा किंवा तंबाखूच्या आधी, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसून. दंडाचा पट्टा छातीच्या उंचीला. एका मिनिटाने परत एकदा. दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा आणि पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. क्रिएटिनिनची तारीख चुकवू नका. आणि घोरण्याचं त्यांना सांगितलंत का? ते राहिलेलं दिसतंय. झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी त्यानेही वाढतं. मंडळींना विचारा, घोरता घोरता मध्येच आवाज थांबतो का.

---

माणकाठ

विचारलं. थांबतो म्हणाल्या, आणि मग एकदम दचकल्यागत श्वास घेतो. तुमची चौकशी केलीय त्यांनी. सोमवारी डॉक्टरांना सांगतो.